तासाला किती क्रॅकर

स्टोक, २ सप्टेंबर

…आणि तो फोन मीच केला होता, हे सांगायला मी तोंड उघडलं, नेमका तेव्हाच तू फोन ठेवलास. एका अर्थी बरंच झालं. फोनवर आपण भांडतो. पत्रात तू मला मध्येच तोडू शकत नाहीस, आणि तुझा तो लांबलचक 'हंऽऽ' मला ऐकू येत नाही. हॉटेलातल्या चादरी बदलून झाल्या की वाच. नाहीतरी इन्व्हरनेसला संध्याकाळी करायला काय असतं?

तर ऐक. मिनिमम वेजची एक हेल्पलाइन असते. कॉलेजच्या जेवणाच्या सुट्टीत मी तिथे फोन लावला. म्हटलं, आमच्या गल्लीत निम्म्या बायका घरी बसून ख्रिसमसचे क्रॅकर बनवतात, जेवणाच्या टेबलावर दोघांनी दोन टोकं ओढून फट्‌कन फोडायचे ते कागदी, हॅझलडाइन कंपनीसाठी. पैसे नगावर मिळतात आणि तो भाव मी प्राथमिक शाळेत होते तेव्हापासून जागचा हललेला नाही. फोनवरची बाई इतकी शांत होती! म्हणाली, "भाव ठरवण्याआधी कंपनीने टेस्ट घेतली होती का?" मी म्हटलं, "कसली टेस्ट?"

आई, असा नियमच आहे! मी घरी येऊन पूर्ण वाचून काढला. कंपनीने काम करणाऱ्यांपैकी काही जणींना बसवायचं, वेळ लावायची आणि एका तासात सरासरी किती नग होतात ते मोजायचं. त्यातून थोडे कमी धरायचे, म्हणजे जिचा हात हळू आहे तिचंही नुकसान होत नाही. मग जो आकडा येतो, तेवढे क्रॅकर केले की एका तासाचा मिनिमम वेज पडायलाच हवा. म्हणजे टेस्टमध्ये तासाला जितके कमी होतील, तितका एका क्रॅकरचा भाव जास्त. समजलं ना? मला तर इतका आनंद झाला की मी बसमध्ये शेजारच्या आजोबांनाही समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मला पुढच्या स्टॉपला उतरायचंय."

हॅझलडाइनने टेस्ट कधी घेतलीच नव्हती! आता त्यांना सरकारी पत्र आलंय आणि या महिन्यात टेस्ट घ्यावी लागणार आहे. शुक्रवारी कंपनीचा पॉइंटन नेहमीसारखा व्हॅन घेऊन आला. कागद-नळ्यांची खोकी उतरवली, तयार खोकी चढवली, पण चहाला थांबला नाही. एरवी तो आजीच्या चहाशिवाय हलत नाही. दारातून म्हणाला, "ग्लेनिस, तुमच्यापैकी कुणीतरी आमच्या मागे सरकार लावलंय. सापडू दे."

आजी म्हणाली, "सापडलं की मलाही सांग." आणि दार लावून माझ्याकडे वळली. "तुझंच काम ना हे?"

"आजी, भाव वाढेल."

"आणि काम गेलं तर? ऐन सीझन आहे. चीनमध्ये मशीन एका दमात हजार करतं म्हणे. तुला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?"

खरंच काम बंद केलं तर? आपल्या गल्लीतल्या लॉरेनच्या घरी विजेचं मीटर याच पैशांवर चालतं. पण मी काही चूक केली नाही, हो ना?

काम मात्र जोरात आहे. तुझ्या खुर्चीवर आता मी बसते. म्हणजे काम सगळं आजीच करते. मी नुसती हाताशी असते. नळीला कागद गुंडाळून देते, आवाजाची पट्टी आत सरकवते, मुकुट, विनोदाची चिठ्ठी आणि ती फालतू भेट आत टाकते. पुढचं आजी. टोकं चिमटते, रिबीन बांधते, झालं! अख्ख्या गल्लीत तिच्याइतकी खोकी कुणाची भरत नाहीत. पॉइंटन स्वतः म्हणतो.

तुझी
कीली

स्टोक, ८ सप्टेंबर

टेस्टसाठी नावं आली! तीन जणी. पॉइंटनने आपल्या रेकॉर्डमधून निवडल्यात. एक सगळ्यात जलद, एक मधली, एक सगळ्यात हळू. मधली म्हणजे कोपऱ्यावरची नसरीन. तू गेलीस तेव्हा तिचं धाकटं रांगत होतं. आता ते सगळ्यांच्या मांजरांच्या मागे धावतं. हळू म्हणजे लॉरेन, तिच्या मनगटांमुळे. आणि जलद कोण, हे सांगायला हवं का?

काल आम्ही नसरीनच्या स्वयंपाकघरात जमलो. तिने समोसे तळले होते. आजी घरून चीज घातलेले ओटकेक घेऊन गेली होती, कारण कुणाकडे रिकाम्या हाताने जाणं तिला जमत नाही. मी सगळ्यांना नियम समजावला. मी फळासुद्धा नेला होता, मी लहान असतानाचा तो खडूचा. (हसू नकोस.)

माझं संपल्यावर नसरीन म्हणाली, "म्हणजे आपण टेस्टमध्ये हळू केलं तर सगळ्यांचा फायदा?"

मी म्हटलं, "तसं नाही, नेहमीच्या वेगाने करायचं असं नियमात आहे."

"हो गं, पण नेहमीचा वेग कुणी पाहिलाय?"

लॉरेन म्हणाली, "मला विचाराल तर मी तयार आहे. मला तर नाटकही करावं लागणार नाही." दोन्ही मनगटांवरचे पट्टे वर करून दाखवले. सगळ्या हसल्या.

मग सगळ्या आजीकडे बघायला लागल्या. कारण गणित सरासरीचं आहे. आजी एकटी सुटली तर बाकीच्या दोघी कितीही रेंगाळल्या तरी आकडा वरच जाणार.

"ग्लेनिस आंटी," नसरीन म्हणाली, "तुम्ही फक्त जरा दमल्यासारखं करा."

"दमल्यासारखं?" आजीने कप खाली ठेवला. "बाळ, मी वीस वर्षं कपांना कान चिकटवलेत. चिनीमातीच्या कारखान्यात पाहुणे आले की साहेब त्यांना माझ्याच टेबलाशी आणून उभे करायचे. बघा म्हणायचे, हे हात बघा."

"म्हणूनच तर म्हणते. एवढ्या मोठ्या कलाकाराला एक तास हळू करणं काय कठीण आहे?"

"मला खोटं काम येत नाही."

"खोटं कशाला? चष्मा घरी विसरा!"

"माझा चष्मा नसला तरी मी तुझ्या दुप्पट करीन."

घरी येताना ती माझ्याशी बोलली नाही. आणि आई, मलाच कळत नाहीये मी कुणाच्या बाजूने आहे. नियम पाळा म्हणून मी फोन केला आणि आता माझ्याच खडूच्या फळ्यासमोर नियम मोडायचा कट शिजला. पण आजी नेहमीसारखी धावली, तर लॉरेनला आत्ता मिळतो त्याहून जेमतेम थोडा जास्त भाव मिळेल, आणि सगळे म्हणतील, कीलीने एवढा तमाशा केला तो यासाठी? हे फसवणं आहे का? खरंखरं सांग.

तुझी
कीली

स्टोक, १३ सप्टेंबर

तुझं कार्ड मिळालं. हरणाचा फोटो आणि मागे एकच ओळ. "तिला टेस्टला बसू देऊ नकोस." का, ते नाही. मी कशी आहे, ते नाही. नुसता हुकूम!

मी दोन दिवस त्यावर विचार केला आणि मला वाटतं, तुझा अजून राग गेला नाहीये. दोन वर्षं झाली, आई. मी जिन्यात बसले होते, मला सगळं ऐकू आलं होतं. "हे क्रॅकर माझे आहेत, नाव तेवढं तुझं," असं तू ओरडलीस. आणि आजी म्हणाली, "मग आपल्या नावाने कर की. दार उघडं आहे." आणि तू खरंच गेलीस. दोघी एका टेबलाशी बसून काम करत होतात, मग तुझे कुठले आणि तिचे कुठले? मला तेव्हा वाटलं होतं, पैशांचं पाकीट आजीच्या नावाने येतं म्हणून ते भांडण आहे. अजूनही तसंच वाटतं. आता चार लोकांसमोर तिचं कौतुक होणार, ते तुला नकोय का? वाईट वाटलं असेल तर सॉरी. पण तू कारण लिहीत नाहीस, मग मी काय समजायचं?

बसू देऊ नकोस म्हणणं सोपं आहे. मी तिला थांबवणारी कोण? पॉइंटनला तिने हो म्हटलंय. नवा ब्लाउज इस्त्री करून ठेवलाय.

मी मात्र तिला हळू करायला शिकवायचा प्रयत्न केला. खरंच! परवा टेबलाशी बसल्यावर म्हटलं, "आजी, रिबीन बांधलीस की मनात एक गाणं म्हण, मग पुढचा घे."

"कुठलं गाणं?"

"कुठलंही. लांब."

"चर्चमधलं म्हटलं तर टेस्ट नाताळपर्यंत चालेल." आणि हसली. मला वाटलं, वितळली. पण मग तिचे डोळे बदलले. "कीली, तुला काय वाटतं, मी त्या पोरट्या पॉइंटनसमोर चाचपडत बसू? त्याची आई माझ्या हाताखाली शिकली कारखान्यात. तिला जाऊन सांगेल तो."

"लॉरेनसाठी, आजी."

"लॉरेनसाठी मी तिची खोकी उचलून देते दर शुक्रवारी. माझे हात मागू नकोस."

मग मी नळ्यांना कागद गुंडाळत राहिले.

झोप नीट लागत नाही. पुढच्या पत्रात कारण लिही. प्लीज.

कीली

स्टोक, १८ सप्टेंबर

आई, आज टेस्ट झाली. मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही, म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये होती. तीन टेबलं, एकमेकांपासून लांब. ऑफिसातली एक मुलगी मोजायला आणि पॉइंटन फोनवर वेळ लावून. मी मागे, चहाच्या मोठ्या भांड्याजवळ. आजीने लिपस्टिक लावली होती. बसमध्ये माझा हात दाबून म्हणाली, "मी माझ्या वेगाने करणार. कुणाला काय वाटायचं ते वाटो." संपलं, वाटलं. सगळ्या गल्लीचा भाव आता हिच्या पायी जाणार.

पॉइंटन म्हणाला, "सुरू."

नसरीनचं आधी सांगते. ती सगळ्यांत जास्त ठरवून आली होती. पहिल्या क्रॅकरला तिने एवढा वेळ लावला की जणू राजवाड्यात पाठवायचाय. दुसऱ्यालाही. मग माहीत नाही काय झालं, ती विसरलीच. हात लागले पळायला. मध्येच आठवायचं, दचकून थांबायची, छताकडे बघायची आणि पुन्हा तेच. नंतर मला म्हणाली, "मी काय करू गं, हात ऐकेनात!" लॉरेन तिच्या नेहमीच्या गतीने, ओठ दाबून.

आणि आजी.

तिने नळी घेतली, कागद गुंडाळला. तो सुटला. पुन्हा गुंडाळला. आवाजाची पट्टी आत जाईना. अंगठ्याने ढकलली तर वाकली. ती टाकून दुसरी घेतली. मुकुट जमिनीवर पडला, वाकून शोधला. आणि मी, आई, मी मागे उभी राहून मनात टाळ्या वाजवत होते! म्हटलं, ऐकलं हिने, शेवटी ऐकलं, आणि काय भारी करतेय!

मग मी तिचे कान पाहिले. लाल झाले होते. जिभेचं टोक दातांत धरलं होतं. वरच्या ओठावर घाम, लिपस्टिकच्या वर. नसरीन नाटक करताना सारखी इकडे तिकडे बघत होती, कोण बघतंय का म्हणून. आजीने एकदाही मान वर केली नाही.

आणि तिचा डावा हात. एक क्रॅकर बांधून झाला की तो हात बाजूला जायचा. आपोआप. टेबलाच्या डाव्या कडेला, हवेत. जिथे पुढचा क्रॅकर भरून, गुंडाळून, तयार ठेवलेला असतो तिथे. तिथे काही नसायचं. मग तो हात क्षणभर तसाच राहायचा आणि परत यायचा, आणि ती पुन्हा नळ्यांच्या ढिगाकडे वळायची. दर वेळी. तासभर.

डाव्या कडेला मी बसते. माझ्याआधी तू बसायचीस.

मी नुसती हाताशी असते, असं तुला लिहिलं होतं ना? घरी आल्यावर मी एकटीने एक पूर्ण क्रॅकर करून बघितला. रिबीन बांधणं हे सगळ्यात सोपं काम आहे, आई. सगळा वेळ आधीच्या कामांत जातो. माझ्या कामांत. तुझ्या कामांत.

लॉरेनचेसुद्धा आजीपेक्षा जास्त झाले.

पॉइंटनने "बस" म्हटलं, तसा तो आणि ती मुलगी आकडे घेऊन बाहेर गेले. नसरीन धावत आली आणि आजीच्या गळ्यात पडली. "आंटी! तुम्हाला तर टीव्हीवर घ्यायला पाहिजे! तो मुकुट पाडलात तेव्हा मी मेलेच हसून!" लॉरेनच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "ग्लेनिस, तू माझ्यासाठी केलंस हे."

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काय बोलतायत ते कळलंच नाही आधी. मग कळलं. मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं ते कळताना.

आणि तिने डोळा मारला.

"म्हटलं होतं ना," ती म्हणाली, "मनात आणलं तर."

आता मला तुझं कार्ड कळलं. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते वाचू नकोस. वाचलं असशील तर फाडून टाक.

कीली

स्टोक, २३ सप्टेंबर

चार दिवस आजी गल्लीची राणी होती. नसरीनच्या सासूने खीर पाठवली. बिंगोला तिला पुढच्या टेबलावर बसवलं. कुणीही तिला बघून मुद्दाम हळूहळू हात हलवायचं आणि सगळ्या खिदळायच्या. आजीही हसायची. घरी आली की टीव्ही लावून गप्प बसायची. मी टेबलाशी गेले तर म्हणायची, "आज नको, पाठ दुखतेय."

आज पॉइंटन आला. शुक्रवार नसताना. या वेळी मात्र आत येऊन बसला आणि चहाही मागितला, तेव्हाच मला धडकी भरली.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "टेस्टच्या आकड्याने भाव काढला तर तो जवळजवळ दुप्पट होतोय. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, ही बाई दर आठवड्याला एवढी खोकी देते आणि टेस्टमध्ये एवढेसे? या वेगाने तिला झोपायलाच वेळ मिळणार नाही. मग दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तुम्ही त्या दिवशी आम्हाला बनवलंत, नाहीतर इतकी वर्षं दुसरंच कुणीतरी क्रॅकर बनवतंय आणि पैसे आम्ही तुम्हाला देतोय."

मी आजीकडे बघितलं. सांग, मनात म्हणत होते. मी बनवते म्हणून सांग. आई बनवायची म्हणून सांग.

आजी म्हणाली, "बनवलं तुम्हाला."

"काय?"

"मुद्दाम हळू केलं. माझ्या मनात असतं तर त्या दोघींची बेरीज मी एकटीने केली असती. तुझ्या आईला विचार माझे हात कसे आहेत ते."

"आजी!" मी म्हटलं.

"तू गप्प बस."

पॉइंटनने चहाचा कप खाली ठेवला. तो वाईट माणूस नाही, आई. मला वाटतं त्यालाही शंका आली असावी. म्हणाला, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? हे लिहून दिलंत तर टेस्ट रद्द. कंपनी पुन्हा टेस्ट घेईल, आपल्या पसंतीच्या बायका बसवून. आणि तुमचं काम बंद. ते मी थांबवू शकणार नाही."

"लिहून देईन."

"गुरुवारी सरकारी तपासनीस बाई येणार आहेत ऑफिसात. त्यांच्यासमोर सही करायची आहे. विचार करा."

"केला," आजी म्हणाली आणि त्याचा अर्धा प्यालेला कप उचलून घेऊन गेली.

गल्लीत अजून कुणाला माहीत नाही. दुपारी लॉरेन आली होती, नवा भाव आला की हीटर दुरुस्त करीन म्हणत होती. मी हो हो म्हणत राहिले.

कीली

स्टोक, २५ सप्टेंबर

मी पुन्हा हेल्पलाइनला फोन केला. नाव न सांगता विचारलं, समजा एकीच्या नावावर दोघी काम करत असतील तर? ती बाई (तीच होती बहुतेक, तशीच शांत) म्हणाली, मग दोघींचाही वेळ मोजायला हवा, आणि आतापर्यंतचा भाव तुम्हाला वाटतो त्याहूनही कमी पडला असणार. म्हणजे तुझीही वर्षं त्यात येतात. मग म्हणाली, टेस्टला बसलेल्यांनी खरोखर आपल्या वेगाने केलं असेल तर टेस्ट पक्की आहे, कंपनीला आवडो न आवडो.

आणि गंमत बघ, कटाप्रमाणे कुणीच वागलं नाही! नसरीनचे हात ऐकेनात, लॉरेन लॉरेनसारखीच होती आणि आजी जीव तोडून पळत होती. सगळं अगदी नियमाप्रमाणे झालं. मागे उभ्या असलेल्या मला सोडून हे कुणालाच माहीत नाही.

सकाळी मी आजीशी बोलले. ती बटाटे सोलत होती. आता मला दिसतं, ती साल किती जाड काढते ते. आधी दिसायचं नाही.

म्हटलं, "आजी, गुरुवारी खरं सांग. तू काही चोरी केली नाहीस."

"मी खरंच सांगतेय. मुद्दाम केलं."

"मी तिथे होते."

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "चोर म्हणू दे मला. चोराशी लोक जपून तरी बोलतात. म्हातारीच्या हातातून कप काढून घेतात, दे गं, सांडेल म्हणून."

"पण लॉरेनचं काय? आणि नसरीनचं? तुझ्या एका सहीने—"

"त्यांना पुन्हा टेस्ट मिळेल. बघून घेतील. तरुण आहेत."

"लॉरेन तरुण आहे?"

तिने पुढचा बटाटा उचलला.

मी म्हटलं, "तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

सुरी थांबली. "सांग. मी म्हणेन पोरगी खोटं बोलते. तुझ्या आईनेही असंच केलं होतं. माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून मला माझ्याच हातांबद्दल सांगत होती." आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "ती कुठे आहे बघतेस ना?"

मग उठली, हात पुसले, माझ्यापुढे टोस्ट ठेवला, जॅम लावलेला, कडेपर्यंत, मला आवडतो तसा. आणि म्हणाली, "खा. कॉलेजला उशीर होईल."

मी खाल्ला.

उद्या गुरुवार. हे पत्र तुला त्याआधी मिळणार नाही, म्हणून मी याचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतेय. मी तुला येऊन बोल म्हणत नाही. तुझं म्हणणं लिहून दे असंही म्हणत नाही. मी सांगितलं तर टेस्ट टिकेल, लॉरेनला हीटर मिळेल, तुझी वर्षं कुठेतरी मोजली जातील, आणि आजी मला पुन्हा टोस्ट करून देणार नाही. कदाचित दारही दाखवेल. मला दुसरं घर नाही, तुला माहीत आहे. मी गप्प बसले तर आजीचे हात गल्लीत सगळ्यात जलद राहतील आणि तिच्या सहीपायी बाकी सगळ्या बुडतील. तीही बुडेल, कारण काम बंद झाल्यावर त्या टेबलाशी ती काय करणार आहे?

तू एकदा हे बोललीस, तिच्या तोंडावर, आणि एका बॅगेनिशी इन्व्हरनेसला गेलीस. तेव्हा तुझं कुणी ऐकलं नाही. मीसुद्धा नाही. उद्या दहा वाजता मी त्या ऑफिसात आजीच्या शेजारी बसलेली असेन. म्हणून तुलाच विचारते, कारण हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही: तुला काय वाटतं आई, इतकं सगळं गमावल्यावरही, तू ते पुन्हा बोलली असतीस का?

कीली